नजरेची वाईट

नात झाली तेव्हा मी अंगणात कांद्याची पात निवडत बसले होते. मुलाचा फोन आला. तो नगरजवळ नागापूरला कंपनीत कामाला आहे आणि सून बाळंतपणाला तिच्या माहेरी गेली होती. "आये, मुलगी झाली," म्हणाला. मी म्हटलं, "लक्ष्मी आली रे. बाळ-बाळंतीण बरी हायेत ना?"

"बरी हायेत. फोटो टाकलाय, बघ. आन् गंमत ऐक, डोळं तुझ्यावर गेलेत. घारं."

हातातली पात हातातच राहिली. फोटो आल्याचा आवाज झाला. मी उघडला. टोपडं दिसलं, दुपट्याची कड दिसली आणि मी मोबाईल सुपात पालथा घातला.

फोटोला नजर लागते का हो? असं कुणाला विचारलं तर हसतील. पण जिला अर्धं आयुष्य 'नजरेची वाईट' म्हणतात, आणि त्याच्याही पुढं जाऊन 'चेटकी' म्हणतात, तिला हा प्रश्न पडतो बघा. मला माझ्या नातीचं तोंड बघायचं होतं. सगळ्या आज्या बघतात, त्यात काय मोठं! पण मला ते जमेल की नाही, हे मला त्या दिवशी, पातीचा ढीग पुढ्यात असताना, सांगता आलं नसतं.

सुरुवात एका गाईपासून झाली.

आमचं गाव पारनेरच्या बाजूचं. ज्वारी पिकली तर पिकली, घर चालतं ते दुधावर. मी नवी नवरी होते तेव्हा शेजारणीकडे जर्शी गाय आली. पहिल्या वेताची, तांबूस, अशी देखणी! गाय व्याल्यावर शेजारणीने आमच्याकडे खरवसाला चीक पाठवला. आता भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी तांब्यात मूठभर शेंगा घातल्या आणि द्यायला गेले. ती धार काढत होती. मी बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "अगं बया, केवढी कास ही!"

जाणती बाई असं बोलली की लगेच थू थू करते, नाहीतर जनावराला हात लावून बोटं आपल्या कपाळाला टेकवते. मी काहीच केलं नाही. माझ्या माहेरी शेळ्या होत्या, आणि शेळीची दृष्ट काढताना मी तरी कुणाला बघितलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात गाईला दगडी झाली. दगडी म्हणजे कास सुजून दगडासारखी होते, दुधात गाठी येतात. गाय वाचली पण दोन सड कायमचे गेले. डॉक्टर म्हणाला, "गोठा ओला आहे, खाली चिखल आहे, होतं असं." पण डॉक्टर मोटारसायकलवर बसून निघून गेला. मी गावातच राहिले.

हापशावर पाण्याला बायका जमल्या होत्या. मी हंडा टेकवला आणि शेजारीण माझ्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी गाय कुनी खाल्ली ते मला ठावं हाय. घाऱ्या डोळ्याची चेटकी हाय आपल्यात. उभी ऱ्हायली, कास बघितली आन् सुकवून गेली."

आता माणसं काय करतात बघा. जी हापसा मारत होती ती मारतच राहिली. त्या दांड्याची करकर माझ्या कानात अजून आहे. एकीने पदर पिळला, तो कोरडा ठणठणीत होता. माझ्याच माहेरगावची एक होती, ती आपल्या घागरीत वाकून बघायला लागली, जसं काही आत बेडूक पडलाय. आणि एक म्हातारी होती, तोंडाची फाटकी, ती म्हणाली, "मग आपापल्या म्हशी झाका गं बायांनो!" त्यावर सगळ्या हसल्या.

मीही हसले. मला वाटलं, हसण्यावारी नेलं की संपेल. हंडा डोक्यावर घेतला आणि तसंच हसं घेऊन घरापर्यंत आले. दारात सासू म्हणाली, "दात काढायला काय झालं?" तेव्हा मला कळलं की तोंड अजून तसंच आहे.

मी सगळं सांगितलं. सासूने विचारलं, "मग तू काय म्हनलीस?"

"काय न्हाई. हसले."

"बरं केलंस. बोलली असतीस तर धरून बसली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काजळाची डबी आणली, मला समोर बसवलं आणि तिच्या भेगाळलेल्या बोटाने माझ्या डोळ्यांत ठसठशीत काजळ घातलं. "जरा काळं दिसतील," म्हणाली. तिच्या मायेवर मला आजही शंका नाही. पण ती झाकायला बसली म्हणजे झाकण्यासारखं काहीतरी आहे, हे माझ्या मनात त्या दिवशी शिरलं. शेजारणीच्या शब्दाने जे झालं नव्हतं ते त्या काजळाने झालं.

आणि नवरा? भला माणूस, थट्टेखोर. म्हणाला, "चेटकी असती तर हिरीला पानी न्हाई का आनलं असतं? उगं हंडं वाहत बसली असती व्हय!" सासरे हसले, दीर हसला. शेजाऱ्यांची आणि आमची विहीर सामाईक. पाण्याची पाळी बिघडेल म्हणून त्यांच्या दारात जाऊन कुणी काही विचारलं नाही. त्याच्याने झालं तेवढं त्याने केलं, मला हसवलं. पण मला त्या वेळी हसायचं नव्हतं. आधीच फार हसून झालं होतं.

शब्द असा असतो बघा, एकदा अंगाला लागला की परत कुणी म्हणावंच लागत नाही. पुढं कितीतरी वर्षं मला तोंडावर कुणी चेटकी म्हणालं नाही. पण मी कुणाच्या ओसरीवर गेले की तान्ह्या पोराच्या तोंडावर पदर यायचा. कुणी विरजण लावत असेल तर ते भांडं पटकन फळीमागं जायचं. आणि जेवणाची तर वेगळीच मजा! गावात कुठंही पंगत असो, बारसं असो, जावळ असो, पहिलं ताट मला. कारण ज्याची नजर वाईट त्याला आधी वाढायचं, म्हणजे त्याचं मन अन्नावर राहत नाही. परगावच्या पाहुण्यांना वाटायचं, काय मान आहे या बाईला! माझी आई एकदा आली होती आमच्या गावात लग्नाला. मला पहिलं वाढलेलं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकीनं नाव काढलं," म्हणाली. मी तिला खरं सांगितलं नाही. ती वारली तोवर नाही.

ह्या सगळ्यात मी कुठे होते, असं कुणी विचारलं तर काय सांगू? मी माझ्याच नजरेची राखण करत होते. मुलगा तान्हा होता तेव्हा एकदा तापाने फणफणला. सगळे म्हणाले, दात येतायत. माझ्या मनात एकच. काल मी ह्याच्याकडे फार वेळ बघत होते. तेव्हापासून त्याला पाजायला घेतलं की मी भिंतीकडे बघायचे. भिंतीत दिवळी होती, तिच्यात रॉकेलची चिमणी. त्या चिमणीची काजळी भिंतीवर कशी चढली होती, वर जाऊन कशी दोन फाट्यांनी वळली होती, ते मी आजही काढून दाखवीन. मुलाचं तेव्हाचं तोंड मला आठवत नाही.

तो मोठा झाला, शिकला. त्याला कुणीतरी शाळेत ऐकवलं असणार, तो काय बोलला मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

मग शेजारणीची सून आली. गोड पोरगी होती. तिचं पहिलं पोर सारखं रडायचं, अंगावर प्यायचं नाही. मी एका संध्याकाळी डेअरीत दूध घालून परत येत होते, रिकामी किटली हातात. मागे काहीतरी सरपटल्यासारखं वाटलं म्हणून वळले तर ती पोरगी उकिडवी बसून, माझं पाऊल जिथं उमटलं होतं तिथली माती कागदावर घेत होती. दृष्ट काढताना जिच्यावर संशय तिच्या पायाखालची माती मीठ-मिरच्यांत घालतात ना, ती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. कागद लपवायला जागा नव्हती.

"काकी, मी न्हाई... आत्याबाईंनी सांगितलं..."

मला तिचा राग नाही आला. खरं सांगते, मला तिची लाज वाटली, म्हणजे तिला वाटत होती ती मला वाटली. मी म्हटलं, "तिथं शेणाचा पो पडलाय गं, ती वली हाय, जळायची न्हाई." मी चप्पल काढली, कोरड्या धुळीत पाय दाबून धरला आणि बाजूला झाले. "ही घे. चांगली घे."

तिने घेतली. खाली मान घालून घेतली आणि पळाली.

दिवेलागणीला त्यांच्या चुलीतून मिरच्यांचा वास आला. आता ह्यातलं असं असतं, मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला तर नजर नव्हती. ठसका नाही लागला तर नजर होती आणि तीच तो तिखटपणा खाऊन गेली. मी दारात बसून कान देत होते. देवा, कुणीतरी खोकू दे! आणि काय सांगू, पहिली शेजारीण खोकली, मग तिची सून, मग त्यांचा म्हातारा तर असा ढास लागल्यासारखा, आमच्या घरात सासू खोकली, मी खोकले, अख्खी आळी खोकत होती. मी पदरात तोंड घालून रडले की खोकले, एकच झालं. सुटले, वाटलं.

सकाळी शेजारीण कुणाला तरी सांगत होती, "अगं, मिरच्या नव्या व्हत्या, लवंगी. त्याच्यानं ठसका."

संपलं. मिरचीसुद्धा माझ्या बाजूने बोलली तर तिचं ऐकलं नाही.

हे पुढं कधीतरी मुलाला कळलं. तेव्हा तो कामाला लागला होता. तावातावाने म्हणाला, "आये, आता कायदा हाय. कुनाला चेटकी म्हनलं तर केस व्हती."

मी म्हटलं, "आन् बोललंच न्हाई, नुसती माती उचलली तर?"



शेजारीण आता थकली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तिचं. सून शेतात असते, म्हणून डोळ्यांत थेंब घालायला रोज मीच जात होते. ती खाटेवर आडवी व्हायची, मी तिच्यावर वाकायचे, दोन बोटांनी पापणी उघडी धरायचे. इतक्या जवळून मी कुणाच्याच डोळ्यांत बघितलं नव्हतं. ती म्हणायची, "तुझा हात लई हलका गं बाई." एकदा थेंब घालून झाल्यावर मी विचारलंच. "तुमाला आठवतं का, हापशावर तुमी मला काय म्हनला हुतात?"

"कवा गं?"

"गाईला दगडी झाल्ती तवा."

"कुठली गाय?" ती खरंच आठवत होती, कपाळाला आठ्या घालून. "लई गाया झाल्या बाई आपल्या."

मी बाटलीचं झाकण लावलं. ती विसरली होती. ते नाटक नव्हतं, मी सांगते. तिने टाकून दिलं आणि निवांत जगली. मी मात्र ते रोज कडेवर घेऊन हिंडले.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी सुनेच्या माहेरी नातीच्या बारशाला गेले. तिथे काम भरपूर, मी घुगऱ्या वाटत राहिले. पाळण्याभोवती बायका जमल्या, चुलत आत्याने नाव ठेवलं, मी मागे उभी, नजर पाळण्याच्या दोरीवर. नातीच्या हातात पैसे ठेवले ते चाचपून. मला वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

दीड महिन्याने विहीणबाई लेक आणि नात घेऊन नागापूरला आल्या. मुलाची दोन खोल्यांची जागा आहे, गल्लीला सगळे कंपनीवाले. मी आधीच जाऊन डिंकाचे लाडू करून ठेवले होते. मुलगा पाळीवर गेला होता. आम्ही तिघी आणि ती तान्ही. मी भाकरी केल्या, भांडी घासली, लंगोट वाळत घातले. ती रडली की म्हणायचे, "अगं, पोरगी रडती बघ," आणि सुनेला हाक मारायचे. विहीणबाई सगळं बघत होत्या. दुपारी म्हणाल्या, "विहीनबाई, एक इचारू? राग नका मानू."

"विचारा की."

"पोरगी झाली म्हनून तुमचं मन लागंना का? बारशाला बी तुमी पाळन्यात डोकावला न्हाई. आजबी उचलली न्हाई. आमची पोर लई रडली हो त्या दिवशी."

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले, पण तिने वर बघितलं नाही. म्हणजे खरंच रडली होती.

मुलगी नको म्हणणारी आजी! असं कसं म्हणतील मला? पण म्हणणारच, दिसतंय तसंच म्हणणार. आणि खरं सांगायचं तर तो शब्द तोंडातून काढावा लागणार. इथे, नागापुरात, तो कुणालाच माहीत नव्हता. इथे मी नुसती आजी होते. माझ्याच तोंडाने तो गावाहून इथे आणायचा आणि ह्या घरात ठेवायचा, जिथे घाऱ्या डोळ्यांची एक पोर आत्ताच आली आहे. उद्या तिलाही कुणी म्हणेल. मग तिने काय करावं? माझ्यासारखं हसावं?

मी सांगितलं. गाय, हापसा, सगळं. 'चेटकी' म्हणताना माझ्याच आवाजात मी तो शब्द पहिल्यांदा ऐकत होते.

विहीणबाई ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "काय तरीच बाई! आमी न्हाई मानत असलं." चांगल्या मनाने म्हणाल्या. आणि म्हणता म्हणता त्यांच्या हाताने नातीच्या कपाळावर दुपटं ओढलं. त्यांना ते कळलंही नसेल. मला कळलं. सुनेलाही कळलं.

सून उठली. तिने आपल्या आईचा हात बाजूला केला, दुपटं काढलं, पोरीला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "बघा, आई."

"असू दे गं."

"बघा म्हनते ना." ती घाबरली नव्हती असं मी म्हणणार नाही. घाबरत घाबरतच तिने ठेवली.

मी बघितलं. एवढंसं कपाळ, त्यावर माशीचे पंख असावेत तशा भुवया. ओठाला दूध लागलेलं. डोळे घारे, अगदी माझे. आणि बया माझ्याकडे बघतच नव्हती! तिचं सगळं ध्यान वरच्या ट्यूबलाइटकडे. मी इतकी वर्षं काय जपलं आणि हिला त्याचं काही सोयरसुतक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई त्यांच्या गावी गेल्या आणि आम्ही पोरीला सरकारी दवाखान्यात डोस द्यायला नेलं. नर्सबाईने सांगितलं, "ताप येईल, घाबरू नका, हे औषध द्या." दुपारी ताप आला. सांगितला होता तसाच आला.

सून म्हणाली, "डोसाचा ताप हाय, आई." मी म्हटलं, "व्हय." औषध पाजलं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "डोसाचाच हाय." मी म्हटलं, "व्हय गं." पातेल्यात पाणी घेताना ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि ह्या वेळी ते मला सांगत नव्हती.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. सून फोन घेऊन गॅलरीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. आत मी आणि पोरगी. अंग चुलीसारखं. काचेतून सुनेची पाठ दिसत होती, ती काही बोलत नव्हती, नुसती ऐकत होती. माझी मान आपोआप भिंतीकडे वळायला लागली. इथली भिंत कोरी, नवा रंग दिलेली, बघायला काहीसुद्धा नाही. मी मान ओढून परत आणली. ओढून म्हणजे खरंच ओढून.

सून आत आली. दारातच उभी राहिली.

"काय म्हनतायत?" मी विचारलं.

"मीठ-मोहऱ्या उतरून टाक म्हनली."

"आन् तू?"

"म्हनलं, नर्सबाईनं सांगितलंय तेवढं करते." जरा थांबून म्हणाली, "उतरायचं का पण, आई?"

मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या तर माझ्याच नजरेला मी हो म्हटलं. नाही घेतल्या आणि पोरीला काही झालं तर? हा प्रश्न माझ्या मनात होता, तिच्या मनात होता, दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी मी म्हटलं, "ओल्या फडक्याची घडी दे मला. आन् हितं बस."

ती बसली. मी कपाळावर घडी ठेवत होते, बदलत होते, आणि बघत होते. पापण्यांचे केस मोजता येतील इतकं जवळून. गाल लाल झालेला, कानामागे घामाचा थेंब. भीती होती. होतीच. प्रत्येक श्वासाला वाटत होतं, आता वळव मान. वळवली नाही.

ऊन भिंतीवरून उतरलं तसं अंग जरा निवलं. पोरीने डोळे उघडले, ट्यूबलाइट बंद होती, म्हणून असेल, ह्या वेळी सरळ माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. आणि ती शिंकली.

मी दचकले. सूनही दचकली. मग सून पुढे वाकली, तिने पोरीचं नाक पुसलं, आणि पोरीला माझ्या मांडीवरच राहू दिलं.